सेट ते लॅपटॉप: एफटी-८५७डी ला संगणक जोडतानाच्या नोंदी

हौशी रेडिओचा (हॅम) परवाना मिळाला, रेडिओ सेट घेतला, आता तो लॅपटॉपला जोडायचा कसा? गेल्या वर्षभरात चार नव्या हॅम मंडळींनी मला हेच विचारलं आणि चौघांनाही मी ‘तयार इंटरफेस (सेट आणि लॅपटॉप जोडणारी डबी) मागव’ एवढंच सांगितलं. तयार डबी चांगलीच असते, पण बाहेरून मागवली की पोस्टेज आणि कस्टम धरून मुलांना परवडत नाही. म्हणून ती घरी करून बघायची आणि जे जे होईल ते लिहून ठेवायचं ठरवलं. चुका गाळणार नाही, कारण पुढच्याचा वेळ त्यांनीच वाचणार आहे.

सेट सेकंडहँड याएसू एफटी-८५७डी. लॅपटॉप सात-आठ वर्षं जुना. जागा नाशिकच्या सिडकोतलं आमचं रो-हाऊस, वरची खोली. गच्चीवर जीआय पाइपवर २० मीटर बँडची उलट्या व्ही आकाराची अँटेना, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तार.

मला हवंय ते तीन गोष्टींत सांगता येईल. लॅपटॉपने सेटची फ्रीक्वेन्सी आणि मोड बदलावा (याला कॅट म्हणतात), आवाज दोन्ही दिशांना जावा, आणि पीटीटी (सेटला ट्रान्समिटवर नेणारं, बोलताना दाबायचं बटण) लॅपटॉपने दाबावा. सुरुवात एफटी८ ने (संगणकातून छोटे ठरावीक निरोप पाठवायची डिजिटल पद्धत) करणार, कारण त्यावर दुसरं स्टेशन लगेच सापडतं आणि आपली चूक लगेच दिसते. खरा हेतू मात्र लिहिलेले निरोप पाठवण्याचा आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाणी मोजतात. अशा दिवशी तोंडी सांगितलेला आकडा दोन माणसांतून गेला की बदलतो. टाइप केलेला आकडा बदलत नाही.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

सामान गोळा केलं. एमजी रोडमागच्या पार्टच्या दुकानातून पीसी-८१७ ऑप्टोकपलर (दोन सर्किटं अलग ठेवून प्रकाशाने इशारा पोचवणारी चिप), रेझिस्टर, कपॅसिटर आणि आठ पिनांचे मिनी-डिन प्लग. प्लग एकच घेणार होतो. दुकानदार म्हणाला, “तीन घ्या, एक तरी वितळणारच.” तीन घेतले.

भद्रकालीत एका भंगारवाल्याकडून जुन्या डायल-अप मोडेमची तीन कार्डं घेतली, ५० रुपयाला एक. त्यांच्यावर फोन लाइनचा जो छोटा चौकोनी ट्रान्सफॉर्मर असतो तो ६०० ओहमचा, एकास एक. आवाजाची लाइन अलग करायला नेमका तोच लागतो. तीनपैकी एका कार्डावर तो निघालाच नाही. नंतरच्या काळातल्या कार्डांत ट्रान्सफॉर्मरऐवजी चिप वापरलेली असते. कार्ड विकत घेण्याआधी उलटून-पालटून बघा. दोन ट्रान्सफॉर्मर काढले, मीटर लावला, दोन्ही वाइंडिंग ७०-८० ओहमच्या आसपास आणि दोघांत काहीही संबंध नाही. दोन्ही शाबूत.

जुना पीएस-टू माउसही ३० रुपयाला घेतला. त्याचा सहा पिनांचा प्लग सेटच्या मागच्या डेटा सॉकेटमध्ये बरोबर बसतो. हा माउस पुढे वेळ खाणार होता.

रविवार, ५ जानेवारी

आजची चूक सगळ्यांत मोठी, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सातपूरला सीएनसी मशिनच्या मेन्टेनन्समध्ये आहे. मशिनला प्रोग्रॅम पाठवायच्या आरएस-२३२ (सीरियल) केबल मी वीस वर्षं बनवतोय. घरात यूएसबी ते आरएस-२३२ अशी एक चांगली केबल होती. सेटच्या कॅट सॉकेटमध्ये टीएक्सडी (पाठवणारी), आरएक्सडी (घेणारी) आणि ग्राउंड हीच नावं दिसली आणि हात आपोआप चालला: तीन वायरी, आडव्या जोडल्या, प्लग लावला, सॉफ्टवेअर सुरू.

काहीही नाही. कॉम पोर्ट बदलला, वेग बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला, लॅपटॉप तीनदा रिस्टार्ट केला. सव्वा तास गेला. मग मीटर घेतला आणि केबलच्या टीएक्सवर मोजलं. उणे साडेपाच व्होल्ट. तिथेच लक्षात आलं. आरएस-२३२ ची लाइन मोकळी असताना उणे असते. या सेटचं कॅट मात्र टीटीएल आहे, तिथे मोकळी लाइन अधिक ५ व्होल्ट आणि शून्याच्या खाली कधी जातच नाही. म्हणजे सव्वा तास मी पाच व्होल्टच्या पायावर उलटा दाब देत बसलो होतो.

लगेच काढलं. आतली पिन गेली का राहिली, हे कळायला आत्ता काही साधन नाही. सेट बंद करून ठेवला. रात्री नीट झोप लागली नाही.

कारखान्यात ज्या सवयीने काम झटपट होतं, तिनेच इथे दगा दिला. नाव सारखं म्हणून दाब सारखा नसतो. हे काम सुरू करण्याआधी मीटर लावायला हवा होता, सव्वा तासानंतर नाही.

सोमवार, ६ जानेवारी

कामावरून आल्यावर सेट चालू केला आणि कॅटच्या टीएक्सडी पिनवर, ग्राउंडच्या संदर्भात मोजलं. ४.९ व्होल्ट. निदान बाहेर येणारी बाजू जिवंत आहे. सीपी-२१०२ चिपचा यूएसबी ते टीटीएल अडॅप्टर मागवला, २२० रुपये.

आणखी एक पिन तपासली. कॅट सॉकेटच्या पिन १ वर सेट १३.८ व्होल्ट बाहेर देतो. ती अडॅप्टरला लागली तर अडॅप्टर गेला, कदाचित लॅपटॉपचा पोर्टसुद्धा. मला लागणाऱ्या पिना फक्त तीन: ३ ग्राउंड, ४ टीएक्सडी, ५ आरएक्सडी. पिन १ ला वायर लावणारच नाही.

बुधवार, ८ जानेवारी

अडॅप्टर आला. आठ पिनांचा प्लग सोल्डर करायला घेतला. पिना एकमेकींपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर, मधलं प्लास्टिक इतकं हलकं की सोल्डरिंगचं लोखंड जरा रेंगाळलं की पिन तिरकी होते. पहिला प्लग गेला. दुसऱ्यात पिन ४ आत सरकली, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी पंचवटीतल्या काकांना फोन केला. तेही हॅम, वय सत्तरीच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो.

“अरे, प्लग मोकळा धरून सोल्डर करतोयस का?”

“हो काका.”

“एखादं खराब सॉकेट घे, त्यात प्लग खुपस आणि मग कर. प्लास्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या हलणार नाहीत.”

जुन्या बोर्डावर तसं एक सॉकेट होतं. वायरींच्या टोकांना आधी कथील लावून घेतलं, पिनेच्या खाचेत कथलाचा एक थेंब ठेवला, वायर टेकवून लोखंड एक सेकंद लावलं. थेंब चकाकला, वायर आत बसली, लोखंड बाजूला. तीन पिना, तीन सेकंद. लोखंड उचलल्यावर लगेच फुंकर मारू नका, जोड करडा पडतो आणि चार दिवसांनी सुटतो.

सेटचा टीएक्सडी अडॅप्टरच्या आरएक्सडीला, आरएक्सडी टीएक्सडीला, ग्राउंड ग्राउंडला. लावलं. परत काही नाही.

या वेळी सॉफ्टवेअरला हात लावला नाही, मॅन्युअल उघडलं. या सेटचं मागचं सॉकेट तीन कामांसाठी आहे: कॅट, लिनिअर (पॉवर वाढवणारा) किंवा ट्यूनर (अँटेना जुळवणारा). कोणतं, ते मेनूत निवडावं लागतं. मागच्या मालकाने ट्यूनर ठेवला होता. तो कॅटवर आणला. त्याच भागात वेग आहे: ४८००, ९६०० आणि ३८४००. सेटवर ४८०० होता आणि मी सॉफ्टवेअरमध्ये ३८४०० धरून बसलो होतो. दोन्हीकडे ९६०० केला, आठ डेटा बिट, दोन स्टॉप बिट, हँडशेक नाही.

डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८ चं सॉफ्टवेअर) मध्ये चाचणीचं बटण हिरवं झालं. सॉफ्टवेअरमध्ये १४.०७४ मेगाहर्ट्झ निवडलं आणि सेटचा डायल स्वतःहून तिथे गेला. रविवारच्या चुकीतून पिन वाचली होती. बायकोला खाली जाऊन सांगितलं. तिला विषय माहीत नव्हता, पण चार दिवस माझा चेहरा बघत होती, त्यामुळे तिलाही बरं वाटलं.

शनिवार, ११ जानेवारी

आता आवाज. डेटा सॉकेटच्या पिना अशा: १ वर आवाज आत, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ४ वर ९६०० चा आवाज बाहेर, ५ वर १२०० चा आवाज बाहेर (हे आकडे डेटाच्या वेगाचे), ६ स्क्वेल्च. आपल्याला १, २, ३ आणि ५ पुरतात.

माउसची केबल कापली. आत चारच वायरी. मीटरने एकेक पिन शोधली: १, ३, ४, ५. पिन २ ला वायरच नाही! पीएस-टू माउसमध्ये २ आणि ६ वापरातच नसतात, म्हणून केबल बनवणारा त्या भरत नाही. आणि आपल्या सेटचं ग्राउंड नेमकं २ वर.

इथे थांबायला हवं होतं. मी शील्डची जाळी ग्राउंड म्हणून वापरली, कारण ती प्लगच्या बाहेरच्या पत्र्याला जोडलेली होती. ट्रान्सफॉर्मरही अजून लावले नव्हते, थेट साउंड कार्डात. आवाज आला, पण त्याखाली घुंऽऽ असा जाड गुणगुणाट. वॉटरफॉलवर (सॉफ्टवेअरमधलं सिग्नल दाखवणारं चित्र) डावीकडे उभ्या पिवळ्या रेघाच रेघा. लॅपटॉपचा चार्जर काढला की निम्मा कमी होत होता, म्हणजे ग्राउंडचा लूप (दोन वाटांनी जोडलं गेलेलं ग्राउंड). साडेतीन तास यात गेले आणि हातात काही नाही.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून पीएस-टू ची एक्स्टेन्शन केबल आणली, ८० रुपये. दुकानातच मीटर लावून सहाही पिना आहेत याची खात्री करून घेतली. दुकानदाराने काही विचारलं नाही.

कापली, सोल्डर केलं, सेटला लावलं, आणि सेट आपोआप ट्रान्समिटवर गेला. झटकन काढला. कारण शोधायला दहा मिनिटं लागली. मॅन्युअलमधलं पिनांचं चित्र सेटच्या मागच्या सॉकेटचं आहे, समोरून बघितलेलं. मी कापलेल्या केबलचा प्लग तोंडाकडून बघत पिना मोजल्या होत्या. प्लग आणि सॉकेट एकमेकांचे आरसे आहेत, त्यामुळे डावं-उजवं उलटतं. कागदावर स्वतः दोन चित्रं काढली, एक सॉकेटचं आणि एक प्लगचं, आणि प्रत्येक वायरचा रंग लिहिला. तो कागद आता डबीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

मग बोर्ड. सेटमधून येणारा आवाज आधी एका ट्रान्सफॉर्मरमधून, पुढे व्होल्ट कमी करायला १० के आणि १ के रेझिस्टरची विभागणी, मग साउंड कार्डच्या माइकला. मधे एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, कारण यूएसबी साउंड कार्ड माइकच्या पिनवर स्वतः थोडे व्होल्ट देतं आणि ते या मार्गात येता कामा नयेत. सेटचा १२०० वाला आवाज जास्तीत जास्त ३०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक, माइकला तोही जास्त होतो.

उलट्या दिशेला काळजी अधिक घ्यायची. सेटला डेटा पिनवर ४० मिलिव्होल्टच हवेत आणि साउंड कार्ड एक व्होल्टच्या पुढे सहज देतं. म्हणून १० के मालिकेत आणि ४७० ओहम ग्राउंडला, मग दुसरा ट्रान्सफॉर्मर. एक व्होल्टचे साधारण ४५ मिलिव्होल्ट होतात. उरलेलं लॅपटॉपच्या स्लायडरने.

गुणगुणाट गेला. अगदी गेला. चार्जर लावला-काढला तरी फरक नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा पूर्ण अलगाव नाही, कारण कॅटचं ग्राउंड यूएसबीला जोडलेलंच आहे. पण आवाजाच्या मार्गात आता लूप नाही आणि कामाला तेवढं पुरतं.

संध्याकाळी २० मीटर भरभरून उघडलेला. वॉटरफॉलवर सिग्नलच्या उभ्या पट्ट्या, कानाला तो शिट्टीसारखा आवाज, आणि डिकोड मात्र एकही नाही. पाऊण तास परत आवाजाची पातळी वर-खाली करत बसलो. दोष घड्याळात होता. एफटी८ पंधरा-पंधरा सेकंदांच्या खणांत चालतं, त्यात १२.६४ सेकंद सिग्नल असतो, आणि माझं लॅपटॉपचं घड्याळ चार सेकंद मागे. इंटरनेटवरून वेळ जुळवली आणि पुढच्याच खणात पडद्यावर अकरा ओळी. इटली, रशिया, जपान, इंडोनेशिया. सिग्नल काहीही नसताना पातळी सॉफ्टवेअरच्या मीटरवर ३० डीबीच्या आसपास ठेवा, पुरे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. अँटेना खाली घ्यायची विसरलो. दुपारी एक पतंग तारेवर आला, मांजा अडकला, कोणीतरी ओढला, मधला जोड तुटला. नायलॉन मांजाच होता, बंदी असून. मुलांना गच्चीवरूनच थांबवलं. तार पुढच्या दिवशी जोडली. पुढच्या वर्षी १३ तारखेला तार खाली.

शनिवार, १८ जानेवारी

पीटीटी. हे सोपं जाईल असं वाटलं होतं.

सीपी-२१०२ च्या बोर्डावर सहा पिना बाहेर काढलेल्या असतात, पीटीटीसाठी चालणाऱ्या दोन कंट्रोल लाइनींपैकी त्यात आरटीएस नसतो, डीटीआर असतो. सॉफ्टवेअरला दोन्ही चालतात, म्हणून डीटीआर घेतला. आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे डीटीआर वर गेला की ऑप्टोकपलरचा एलईडी लागेल आणि पलीकडचा ट्रान्झिस्टर सेटचा पीटीटी ग्राउंडला ओढेल, असं जोडलं. यूएसबी लावली. सेट लगेच ट्रान्समिटवर. सॉफ्टवेअरने पाठव म्हटलं की सेट रिसीव्हवर. सगळं उलटं.

टीटीएल अडॅप्टरवर या कंट्रोल लाइन उलट्या असतात. निष्क्रिय असताना वर, सक्रिय झाल्या की शून्य. आरएस-२३२ च्या चिपमध्ये हे परत उलटून सरळ होतं, म्हणून कारखान्यात कधी जाणवलं नव्हतं.

मग एलईडीचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ४७० ओहममधून डीटीआरला. डीटीआर खाली गेला की लागेल. तर्क बरोबर. तरी सेट ट्रान्समिटवरच अडकलेला. आता मात्र डोकं चालेना. जेवून आलो, मीटर घेतला आणि एकेक ठिकाणी मोजत गेलो. डीटीआर निष्क्रिय असताना ३.३ व्होल्ट. बोर्डाला यूएसबीचे ५ मिळतात, पण चिपचे पाय ३.३ वर काम करतात. म्हणजे निष्क्रिय असतानाही एलईडीच्या एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ३.३, मधे १.७ व्होल्ट. इन्फ्रारेड एलईडीला लागायला १.१ च्या आसपास पुरतात. मिलिअँपिअरभर करंट कायम वाहत होता आणि सेटचा पीटीटी ओढायला तेवढा पुरेसा होता.

उपाय एका वायरीचा: एलईडीचं टोक ५ वरून काढून बोर्डाच्याच ३.३ व्होल्टच्या पिनला लावलं, रेझिस्टर ३३० ओहम केला. निष्क्रिय असताना दोन्हीकडे ३.३, फरक शून्य, एलईडी बंद. सक्रिय झाला की पाच मिलिअँपिअर. सेट सॉफ्टवेअरच्या सांगण्याबरहुकूम चालू-बंद होऊ लागला. वीस वेळा केलं, वीसही वेळा बरोबर.

एक धोका लक्षात ठेवा. काही सीरियल टर्मिनल प्रोग्रॅम पोर्ट उघडला की डीटीआर आपोआप सक्रिय करतात. या अडॅप्टरवर असा प्रोग्रॅम उघडायचा असेल तर आधी डेटा केबल काढा.

वेळ: पाच तास. त्यात सोल्डरिंग चाळीस मिनिटांचं.

रविवार, १९ जानेवारी

पहिलं प्रसारण. आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), सेटचा मीटर एएलसीवर (आवाज जास्त झाला की दाखवतो) ठेवून. सेट डिजिटल मोडमध्ये, अप्पर साइडबँड. लॅपटॉपचा स्लायडर शून्यापासून हळूहळू वर, पॉवर वाढते, एएलसीची पहिली रेघ दिसली की थोडा मागे. तिथे थांबायचं.

मग अँटेना, ३० वॉट. सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) दिला. उत्तर नाही. दुसऱ्या खेपेला काकांचा फोन.

“अरे, तुझे तीन सिग्नल दिसतायत मला. ७०० वर एक, १४०० वर एक, २१०० वर पुसट एक.”

“काका, एएलसी शून्यावर आहे.”

“सेटचा असेल. लॅपटॉपच्या आवाजातच दोष असेल, तो एएलसीत कुठून दिसणार? आवाज कमी कर आणि वर सरक, १५०० च्या पुढे. म्हणजे दुप्पट ३००० वर जाईल आणि सेटचा फिल्टरच त्याला अडवेल.”

त्यांचं बरोबर होतं. साउंड कार्डचा आउटपुट कडेला भिडला होता आणि तिथेच आवाज चपटा होत होता. त्या दिशेच्या विभागणीत ४७० ओहमऐवजी १ के लावला, म्हणजे लॅपटॉपवर स्लायडर निम्म्यावर आणता आला. फ्रीक्वेन्सी १७०० वर. काकांना आता एकच रेघ.

त्याच वेळी लॅपटॉपवर एक मेल आला आणि त्याचा टुंग आवाज थेट हवेत गेला. सिस्टिमचे आवाज पूर्ण बंद केले आणि यूएसबी साउंड कार्ड ‘डिफॉल्ट’ राहणार नाही अशी सेटिंग केली. दुसऱ्याच्या संभाषणात आपला टुंग पडणं हे आपल्याला शोभत नाही.

संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी इटलीतल्या एका स्टेशनने उत्तर दिलं. त्याचा अहवाल उणे १२, माझा त्याला उणे ८. दीड मिनिटात संपर्क पूर्ण. हाताने बनवलेल्या डबीतून गेलेला पहिला. लॉगबुकात पेनने लिहिला.

बुधवार, २२ जानेवारी

पॉवर ४० वॉट केली आणि पाठवताना लॅपटॉपचा माउस थिजला, यूएसबी साउंड कार्ड गायब, सेट मात्र ट्रान्समिटवर तसाच. मेन स्विच बंद करावा लागला. परत केलं, परत तेच. २० वॉटवर कधी होतं, कधी नाही. १० वॉटवर कधीच नाही.

पहिला संशय स्वतःच्या सोल्डरिंगवर. पण आधी एक चाचणी: अँटेना काढली, डमी लोड लावला, ४० वॉट, दहा मिनिटं. एकदाही काही झालं नाही. म्हणजे डबी ठीक आहे. अँटेनाकडची आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून परत खोलीत येतेय. माझ्या अँटेनाला मधे ती अडवणारा बालन किंवा चोक नव्हताच. डबी होण्याआधी फक्त बोलत होतो, कमी पॉवरवर, म्हणून कळलं नाही. ही चाचणी दहा मिनिटांची आहे, ती केल्याशिवाय डबी उघडू नका.

एफटी-२४०-४३ चा फेराइट रिंग मागवला, १,४५० रुपये. या सगळ्या कामातला सर्वांत महाग भाग.

शनिवार, २५ जानेवारी

रिंग अजून वाटेत. तोपर्यंत क्लिपचे सहा फेराइट: यूएसबीच्या दोन्ही टोकांना, ऑडिओला, कॅटला. यूएसबी केबल तीन मीटरची होती, ती अर्ध्या मीटरची केली. आता २५ वॉटपर्यंत ठीक, ३० ला कधीतरी अडखळतं. फेराइटने सुधारणा झाली, पण मूळ तसंच.

मंगळवार, २८ जानेवारी

रिंग आला. कामावरून आल्यावर गच्चीवर, हेडटॉर्च लावून. थंडी इतकी की कोअ‍ॅक्सचं जाड आवरण वळता वळेना, गरम पाण्याच्या पिशवीने शेकून वळवलं. आरजी-५८ चे रिंगवर अकरा वेढे, नेमकं अँटेनाच्या मधल्या जोडाशी, झिपटायने बांधून, पावसाच्या हिशोबाने सेल्फ-सील टेप.

४० वॉट. माउस हलतोय. ५० वॉट. हलतोय. अर्धा तास सलग पाठवणं-ऐकणं, एकदाही यूएसबी सुटली नाही. दुसरी गोष्ट अनपेक्षित: रिसीव्हवरचा कचराही खाली आला. घरातले एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरचा जो खरखराट कोअ‍ॅक्सच्या जाळीवरून चढत होता, तोही चोकने अडवला. पातळी सेटच्या सिग्नल मीटरवर दोन एस-पॉइंटनी कमी.

नेहमीसाठी ३० वॉटच ठेवणार आहे. एफटी८ मध्ये सेट पंधरा सेकंदांतले जवळजवळ तेरा सेकंद पूर्ण ताकदीने ओरडत असतो, बोलताना तसं नसतं. सेटचा पंखा लगेच फिरू लागतो.

रविवार, २ फेब्रुवारी

बोर्ड छोट्या प्लास्टिकच्या इलेक्ट्रिक डबीत बसवला. वायरींना गाठी, म्हणजे ओढलं तर जोडावर ताण येणार नाही.

खर्च: टीटीएल अडॅप्टर २२०, यूएसबी साउंड कार्ड २८०, आठ पिनांचे तीन प्लग १८०, पीएस-टू एक्स्टेन्शन ८०, माउस ३०, मोडेम कार्डं १५०, ऑप्टो-रेझिस्टर-कपॅसिटर-बोर्ड ९०, डबी १२०, क्लिप फेराइट ३००, रिंग १,४५०. एकूण २,९०० रुपये. रिंग अँटेनाचा भाग धरला, जो मुळातच असायला हवा होता, तर डबी निम्म्यात पडली. वेळ मात्र तीस तासांच्या वर. हे सगळं वाचून करणाऱ्याला दोन रविवार पुरतील.

आज काका घरी आले होते. डबी उघडून भिंगातून प्रत्येक जोड बघितला, पिन ४ चा जोड करडा आहे म्हणाले. खरंच होता. तिथल्या तिथे परत केला.

“माझ्या आयकॉम सेटसाठी एक करशील का? पण त्याला असले दोन-दोन सॉकेट नाहीत, साडेतीन मिलिमीटरचा एकच रिमोट जॅक आहे.”

त्या जॅकवर डेटा एकाच वायरीवरून दोन्ही दिशांना जातो, पाच व्होल्टवर. अडॅप्टरचा आरएक्स थेट त्या वायरीला, आणि टीएक्स एका डायोडमधून, डायोडची पट्टी टीएक्सकडे. त्यासाठी दुसरा एक सीपी-२१०२ टेबलावर काढून ठेवलाय. काकांचा सेट मंगळवारी येतोय. या वेळी प्लग लावण्याआधी जॅकवरचे व्होल्ट मोजणार आहे, त्याचा आकडा त्याच दिवशी इथे लिहीन.